माझ्या हयातीत नाथाने केलेले मुंडण

नाशिक, सोमवार

तीर्थस्वरूप वत्सलाअक्कास,
धाकट्या सावळीरामचा साष्टांग नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला आपण 'इकडे सर्व ठीक' असे लिहितो. त्या 'सर्व'मध्ये लिहिणारा धरलेला असतो, म्हणून त्याचे वेगळे सांगत नाहीत. या वेळी वेगळे सांगतो. मी जिवंत आहे. काल रात्री नीट झोपलो, सकाळी पोट साफ झाले, आणि हे पत्र ओट्यावर बसून स्वतःच्या हाताने लिहितो आहे. तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी चुकवत नाहीस ना? तुझ्या सुनेने फोनवर सांगितले, की बातमी आल्यापासून तू अंगणातल्या खाटेवरून उठत नाहीस, आणि त्या रात्री माझ्या नावाने थंड पाण्याने आंघोळ केलीस. पंच्याऐंशीव्या वर्षी थंड पाणी. ज्याच्यासाठी केलीस तो त्या वेळी इथे बिनसाखरेचा चहा पीत होता. (त्या चहाविषयी पुढे लिहितो. तोही याच प्रकरणातला आहे.)

सून तुला सांगते की मामा जिवंत आहेत. तू म्हणतेस, सून सांगते म्हणजे नक्की गेला. तुझ्या हृदयाला जपायचे म्हणून सगळे लपवतात, असे तू ठरवलेस. मी स्वतः फोन केला. तू म्हणालीस, हा नाथा आहे, बापाचा आवाज काढतो आहे. आता नाथा माझा मुलगा असल्यामुळे आमचा आवाज सारखा आहे, त्याला मी काय करू? मी म्हटले, मला असे काही विचार जे फक्त मलाच माहीत आहे. तू म्हणालीस, त्याने मरण्यापूर्वी पोराला सगळे सांगून ठेवले असेल, तो पहिल्यापासून बोलका. अक्का, स्वतःच्या मृत्यूविषयी इतका वाद मला आयुष्यात कोणाशी घालावा लागला नव्हता. शेवटी कागद घेतला. पाटीवर माझा हात धरून तू अक्षरे गिरवून घेतलीस. हे अक्षर नाथाला काढता येणार नाही, तो इंजिनिअर आहे.

मी स्वतः सटाण्याला का आलो नाही, असे विचारशील. मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले आहेत, डॉक्टरांनी धुळीचा प्रवास बंद केला आहे. हे एक कारण. दुसरे असे, की मी जिवंत आहे हे सांगायला मी गावोगाव फिरणार नाही. ज्याने घोळ केला त्याने फिरावे. पण त्याला पाठवले तर त्याचे डोके पाहून तू आणखी रडशील.

आता घोळ कसा झाला ते सांगतो. तू कधी मला विचारले नाहीस म्हणून मी कधी बोललो नाही, पण मी केस काळे करतो. नाथाही करत होता. वीस वर्षे आमचा नेम होता. महिन्यातून दोन रविवार मागच्या दारी दोन पाट टाकायचे, जुने पंचे गुंडाळायचे आणि एका वाटीत काळी मेंदी कालवायची. (नावाला मेंदी. पाकिटात खरे काय असते ते मी कधी वाचले नाही, आणि वाचायला नको होते.) समोरचे केस ज्याचे त्याने रंगवायचे. मानेवरचे स्वतःला दिसत नाहीत, म्हणून माझे तो रंगवायचा आणि त्याचे मी. मग रंग वाळेपर्यंत बसून राहायचे. तेवढा वेळ तो अंबडच्या कारखान्यातल्या गोष्टी सांगे. एरवी आमच्यात बोलणे म्हणजे वीजबिल आणि गॅस.

गेल्या हिवाळ्यात असे रंगवल्यावर दुसऱ्या दिवशी नाथाचे तोंड सुजले. डोळे मिटले, कान जाड झाले, कपाळावर पुरळ. मंजुषाने (माझी सून, आजवर मला उलट बोललेली नाही, आता बोलते) रिक्षात घालून दवाखान्यात नेले. त्वचेच्या डॉक्टरने सांगितले, हा रंग यापुढे डोक्याला लावायचा नाही, पुन्हा लावला तर जिवावर बेतेल. ठीक आहे. नाथाच्या डोक्याला सोसत नाही, नाथाने लावू नये. माझ्या डोक्याने काय केले होते? पण नाथाच्या लेकीने, निकिताने, माझीही पाकिटे उचलून कचऱ्याच्या गाडीत टाकली. ती आहारशास्त्र शिकते. तिचे म्हणणे असे, की माणसाने जसे आहे तसे राहावे. मी म्हटले, घराला रंग दिला तर घराला कोणी खोटारडे म्हणत नाही. ती म्हणाली, 'आजोबा, घराला पुरळ येत नाही.' (मी नंतर गल्लीतल्या दुकानातून माझ्यापुरते पाकीट आणले. मानेवरचे केस मात्र तसेच राहिले.)

एकदा घरात निसर्ग शिरला की तो डोक्यावर थांबत नाही, स्वयंपाकघरात येतो. आधी साखर गेली. मग बिस्किटे, मग मैदा, मग पांढरा भात. सकाळी मोड आलेले मूग, तेही कच्चे. संध्याकाळी सातनंतर जेवण बंद. दुष्काळात आपण दोघांनी नाचणीची भाकरी खाल्ली, कारण दुसरे काही नव्हते. बाबा म्हणायचे, दिवस पालटतील, गव्हाची पोळी खाल. दिवस पालटले, मी चाळीस वर्षे शाळेत नोकरी केली, गव्हाची पोळी खाल्ली, आणि आता तीच नाचणी देखण्या पिशवीतून दुप्पट भावाने घरात येते व मला औषध म्हणून वाढली जाते. यात कोणाला काही वाटत नाही.

इकडे नाथाचे डोके वाढू लागले. मुळाशी पांढरे, शेंड्याला काळे. मधे एक तांबूस पट्टा, तो कशाचा हे कोणालाच कळले नाही. कारखान्यात त्याच्या हाताखालची पोरे हसू लागली. आम्ही बँकेत गेलो तर खिडकीवरच्या मुलीने त्याला विचारले, हे तुमचे धाकटे भाऊ का? (मला वाईट वाटले नाही. त्याला वाटले.) पूर्ण पांढरे व्हायला वर्ष जाईल, असे निकिताने सांगितले, तेव्हा त्याने ठरवले की सगळे एकदाच काढून टाकायचे, म्हणजे जे उगवेल ते खरे उगवेल.

माझ्या कानावर आले तेव्हा मी त्याला समोर बसवले. म्हटले, नाथा, बाप असताना मुलगा डोके भादरत नाही. तू काय केलेस हे लोक विचारणार नाहीत, बघूनच समजतील. तो म्हणाला, 'दादा, केस माझे आहेत.' मी म्हटले, 'केस तुझे. त्यांचा अर्थ मी आहे.' तो गप्प बसला. मला वाटले पटले.

पटले नव्हते. तो आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेला. सलूनवाल्याने वस्तरा खाली ठेवला. म्हणाला, तुमचे दादा आत्ताच दूध घेऊन माझ्या समोरून गेले, मी हे पाप करणार नाही. (त्या माणसाकडे मी तीस वर्षे जातो. त्याला आता दिवाळीला कापड द्यायचे ठरवले आहे.) दुसऱ्या दुकानातही तेच. मग नाथाला युक्ती सुचली. देवळाली कॅम्पमध्ये रिझवान म्हणून एकाचे दुकान आहे. तिथे पलटणीची पोरे येतात, रोज डोकी सफाचट होतात, कोणाचा बाप आहे की नाही हे तिथे कोणी विचारत नाही. नाथा तिथे जाऊन बसला. आता त्यातल्या त्यात त्याने माझा विचार केला, हे मान्य केले पाहिजे. त्याने मिशी ठेवली. मिशी असली की लोक समजतात, बाप आहे, हे दुसरेच काही आहे. पण मिशीही रंगवलेली. रिझवानने आरसा दाखवून म्हटले, 'भाई, ही मूंछ चिकटवल्यासारखी दिसते. नाटकात जाताय काय?' नाथाने आरशात पाहिले आणि मिशीही काढायला लावली. अक्का, एवढाच तो क्षण. मिशी राहिली असती तर मी आज जिवंत असतो. म्हणजे तुझ्यापुरता.

घरी येताना तो द्वारका चौकात उतरला. तिथे सटाण्याच्या काळीपिवळीची वाट पाहत तुमच्या गल्लीतली बायडाबाई उभी होती. तिने नाथाला ओळखले, डोके पाहिले, ओठ पाहिला. अशा वेळी विचारायचे नसते. तिने विचारले नाही. पदर डोळ्यांना लावला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि गाडीत चढली. नाथाला वाटले, बाईंना आपल्या पुरळाचे कळले असावे. त्याने हात जोडले. संपले. काळीपिवळी सुटली आणि तिच्यात बसून माझे प्रेत सटाण्याला निघाले.

इथे तर काळीपिवळीचीही गरज नव्हती. गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत त्याला पाहणाऱ्यांनी आपापल्या घरात जाऊन सांगितले. तासाभरात तिसऱ्या घरातून पिठले-भाकरीचा डबा आला. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. डबा आणणारी बाई खाली मान घालून आली, डबा ओट्यावर ठेवला, कोणासमोर ठेवतो आहोत हे पाहिले नाही आणि न बोलता गेली. तो मी घेतला. पिठल्यावर तेलाचा तवंग होता, लसूण होती, मिरची होती. मंजुषा आतून पाहत होती. मी म्हटले, हे अन्न परत पाठवणे अशुभ असते. (असते की नाही मला माहीत नाही. रात्रीचे आठ वाजले होते आणि मी सगळे खाल्ले.)

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीस मोतीराम हार घेऊन आले. दार मी उघडले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, हाराकडे पाहिले, मग म्हणाले, वाढदिवसाचा आणला होता. मी म्हटले, वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. ते आत येऊन बसले. मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी हार मांडीवर ठेवला.

'म्हणजे केस निरोगी करायचे होते.'

'हो.'

'म्हणून ते काढून टाकले.'

'हो.'

'मग माणूस निरोगी करायचा झाला तर हे काय करतील, सावळीराम?'

 त्या संध्याकाळी मी संघात उभा राहून सर्वांसमोर बोललो. गैरसमज दूर करायचा होता, पण बोलता बोलता विषय वाढला. मी म्हटले, बाप असताना भादरणारा आणि त्याला आरोग्य म्हणणारा, दोघांचीही मला कीव येते. हे थेर आहेत. माझ्या डोक्यावर असले थेर या जन्मी होणार नाहीत. टाळ्या झाल्या. त्यानंतर मांडववाला घरी आला. सहस्रचंद्रदर्शनासाठी जो मांडव सांगितला आहे तोच तेराव्याला चालेल का, की मोठा लागेल, असे त्याने मलाच विचारले. मला ओळखत नव्हता. मी म्हटले, आहे तोच ठेव, माणूस लहानच होता.

हे सगळे मी सोसले. तुझे सोसवत नाही. शनिवारी निकिताने तुझ्या नातवाच्या फोनवर व्हिडिओ लावला. मी घाईत समोर बसलो, टोपी घालायची राहिली. आता आठव. साठ वर्षे भाऊबीजेला मी तुझ्यासमोर पाटावर बसतो तेव्हा टोपी असते, ओवाळून घेताना डोके उघडे ठेवत नाहीत म्हणून. गेली वीस वर्षे ती टोपी मी परतीच्या एस.टी.त बसेपर्यंत काढलेली नाही. रंग पाहून तू बोलशील, ही भीती. त्यामुळे माझे काळे डोके तू कधी पाहिलेच नाहीस. फोनमध्ये पाहिलेस आणि म्हणालीस, 'हाई जुनं शे.' पोरांनी जुने चित्र लावले, माझ्या भावाचे केस आता इतके काळे कुठून असणार, हा तरणाताठा असतानाचा आहे. मी टोपी घातली आणि पुन्हा समोर आलो. तेव्हा म्हणालीस, हा नाथा, बापाची टोपी घालून बसला. मग तू फोन खाली ठेवलास, पण तो बंद करायचा राहिला. मला तुझ्या अंगणातले पत्र्याचे छप्पर दिसत होते आणि तुझे रडणे ऐकू येत होते. तू म्हणत होतीस, मला खांदा द्यायचा तो आधी गेला. मी इथून हाका मारत होतो. निकिता म्हणाली, आजोबा, ओरडू नका, रक्तदाब वाढेल. अक्का, जिवंतपणी आपले रडणे ऐकायला मिळावे असे काहींना वाटते. मला वाटत नव्हते, आणि आता तर मुळीच वाटत नाही.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. पुढच्या महिन्यात सहस्रचंद्रदर्शन आहे. दिव्यांचे ताट मंजुषा तयार करील, पण ओवाळायला माझ्यापेक्षा वडील माणूस हवे आणि ते आता एकच उरले आहे. तू आली नाहीस तर मी पाटावर बसणार नाही. मांडव घातला तरी नाही. हे रागाने लिहीत नाही. (रागानेच लिहितो आहे, पण तुझ्यावर नाही.) नाथाशी मी बोलणे बंद केले आहे. तो रोज सकाळी मूग खातो, चालायला जातो आणि डोक्याला खोबरेल लावतो. डोक्यावर पांढरे खुंट आले आहेत. उन्हात बसला की पाठमोरा हुबेहूब बाबांसारखा दिसतो, आणि पन्नाशीच्या मुलाने आपल्या बापाच्या बापासारखे दिसावे, हे मला पसंत नाही.

घरातील लहानथोरांस आशीर्वाद. बायडाबाईस काही नाही.

तुझा,
सावळीराम
(हयात)

ता. क. टपालाची गाडी उद्या सकाळी जाते म्हणून पत्र अजून माझ्याजवळ आहे. येताना गुळाच्या शेवेचा डबा आण. मंजुषाला दिसेल असा आणू नकोस.

ता. क. दुसरा. वरचे लिहून झाल्यावर दुपारी विचार केला. काळ्या केसांत तुला मी जुना वाटतो, टोपीत नाथा वाटतो. पांढरे उगवायला वर्ष लागेल आणि कार्यक्रम महिन्यावर. उपाय एकच दिसला. नाथाला म्हटले, चल. कुठे, ते त्याने विचारले नाही. रिझवानने मला खुर्चीवर बसवले तेव्हा नाथा बाजूला उभा होता. मानेवरचे केस राहिले होते ते त्याने बोटाने दाखवले. मला बंदी नाही, माझे आईबाप केव्हाच गेले आहेत. डोके हलके वाटते, खाज थांबली. (खाज मलाही होती. हे तुला म्हणून सांगतो, निकिताला कळता कामा नये.) थोड्या दिवसांत पांढरे खुंट येतील, तेव्हा व्हिडिओ लावीन. त्यात दोन माणसे दिसतील. ज्याला सुरकुत्या जास्त तो मी.

ता. क. तिसरा. आता संध्याकाळ आहे. घरी परत येताना फाटकाशी मोतीराम उभे होते. नाथाचे एक वेळ समजू शकते, पण मी चारचौघांत इतके बोललो होतो, की माझे डोके आरोग्यासाठी उतरले असेल अशी शंकाही त्यांना आली नाही. त्यांनी काही विचारले नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'सटाण्याहून कधी कळले?' मी समजावून सांगायच्या आत ते संघाकडे गेले होते. मला वडील माणूस आता तू एकच उरली आहेस, हे इथे सर्वांना ठाऊक आहे. थोड्या वेळापूर्वी संघातले चौघे आले आणि ओट्यावर गप्प बसले आहेत. तू बरी आहेस असे मी त्यांना तीनदा सांगितले. ते मान हलवतात आणि माझ्याकडे दयेने पाहतात. तुला फोन लावून देतो म्हटले तर एक म्हणाला, राहू द्या, सावळीराम, मनाला समजवा.

तेव्हा व्हिडिओची वाट पाहू नकोस. फोन करू नकोस, इथे कोणी विश्वास ठेवणार नाही. पत्र मिळताच जी गाडी मिळेल तिने तू स्वतः ये.